ड्रॉवरमधल्या मुंग्या

सोमवारी किल्ल्या द्यायच्या आहेत.
प्रयोगशाळेतला खालचा ड्रॉवर ओढला
तर मुंग्यांची रांग,
सर्किटच्या हिरव्या पट्टीवरून
कुठेतरी कामाला निघालेली.

एकतीस वर्षं मी शिकवलं
वस्तूंनी माणसांशी कसं बोलावं.
त्याच्याही आधी, उद्यमनगरात,
अण्णा चालू इंजिनाला पेचकस टेकवायचे,
मूठ कानाशी, डोळे मिटून,
आणि म्हणायचे, "मागचं बेअरिंग गेलंय."
प्रबंधाच्या संदर्भसूचीत
हे कुठं बसवायचं, कळलं नाही.

ही पेटी वडणग्याच्या गुऱ्हाळासाठी केलेली.
काहिलीतल्या रसाचं तापमान
दर चार सेकंदांनी विद्यापीठात पोचायचं.
मी इथं पंख्याखाली बसून
तिथली उकळी बघायचे.
एकशे अठराला लाल दिवा, मग शिट्टी.
परिषदेत टाळ्या पडल्या,
बढती मिळाली.

पुढच्या हंगामात गेले, तर पेटी
हिशेबाच्या वहीवर,
पानं उडू नयेत म्हणून.
ज्ञानू चेचर गुळवे
गार पाण्यात पाकाचा थेंब सोडून
दोन बोटांत गोळी वळत होते.
परातीच्या काठावर आपटली, ऐकली,
मग हात वर केला, आणि काहील उतरली.

"बाई, यंत्र हुशार हाय तुमचं.
पर नुसतं सांगतंय. इचारत काय न्हाई.
ऊस आडसाली का खोडवा,
रान काळं का चोपण,
कायबी न्हाई."

पंचगंगेच्या पुलावर गाडी बंद पडली त्या दिवशी.
मला बरंच वाटलं.

त्यानंतरचे बावीस शोधनिबंध
म्हणजे त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर.
सतराव्यापर्यंत चुकत होतं.
पुढचं माहीत नाही,
विचारायला गेले तेव्हा ते नव्हते.
गुऱ्हाळाच्या जागी मंगल कार्यालय,
आणि लेकानं ही पेटी
वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलेली.
तिचा सर्व्हर मीच बंद केला,
एका छापील अर्जावर सही करून.

"मॅडम, ही भंगारात?" रुखसार मुजावर विचारते.
माझी शेवटची विद्यार्थिनी,
प्रश्न विचारते, हे एक बरं.

पेटी उचलली तर बोटं चिकटली.
खालच्या फटीत गूळ होता,
चौदा वर्षांचा, काळा पडलेला.
माझ्या यंत्राला इतकी वर्षं
कुणीतरी जोडलेलं होतं तर,
आणि मला नोंदच नाही.

थांब, म्हटलं.
आधी त्यांचं होऊ दे.