मरजान, अर्जदार

शारजाच्या खाडीलगत, जुन्या बाजारामागच्या कचेरीत
मी कागद स्कॅन करते. आठ ते पाच,
हातमोजे घालून, एसी सोळावर.
रात्री खोलीवर त्यातलाच एक मराठीत उतरवते.
कुणी सांगितलेलं नाही.

जबाब, १९३१. बोलणारं एक, दुभाषा दुसरा, लिहिणारा तिसरा.
इंग्रजी टाइप, खाली अंगठा,
निळा, डावीकडे सरकलेला.

वाटलं होतं, शब्द अडतील.
पण गुलाम, मालक, हुकूम, किंमत, दाखला
सगळे आधीच आमच्या घरचे निघाले.
नाखवासुद्धा. माझ्या मामांचं आडनाव.
कुठल्या गलबतातून आले हे शब्द,
आणि त्यांच्यासोबत फळीखाली आणखी काय आलं,
शाळेत कुणी विचारलं नाही.

मला मकरानच्या किनाऱ्यावरून उचललं.
मला लिंग्यात विकलं, मग इथे.
मी पाणी भरलं. मी मासे वाळवले. मी शिंपले फोडले.
मी नाखव्याच्या आईचे पाय चेपले.

इथवर सरळ उतरलं.
मराठीचं क्रियापद कामाकडे बघतं:
पाणी भरलं, मासे वाळवले.
भरणारं कोण, ते विचारत नाही.
चौदा वर्षांत एकाही ओळीला गरज पडली नाही.

मग पुढची ओळ.
एका रात्री ओहोटी लागल्यावर मी पळा

इथे पेन थांबलं.
पळालो? पळाले?
इंग्रजीत कळत नाही. नावातही नाही.
मरजान म्हणजे पोवळं. मालक ठेवील त्याचं नाव,
गड्याचं, बाईचं.
आमच्याकडे तर ते पोवळं. ते.
आधीचं नाव: आठवत नाही.

सकाळी डॉक्टर वदीमांना विचारलं.
म्हणाल्या, एकट्याचा जबाब लंगडा असतो,
सुटका हवी असलेला माणूस
ऐकणाऱ्याला रुचेल तेच बोलतो.
जकातीची वही बघ.
वहीत होतं: तांदूळ चाळीस गोणी, खजूर, तूप सहा डबे,
मरजान, नग एक.
वही लिहिणाऱ्यालाही जकात चुकवायची असेलच,
पण वहीला लंगडी कुणी म्हणत नाही.
मीही नाही म्हटलं. मान हलवून परत आले.

जागेवर येऊन तो कागद दिव्याखाली तिरपा धरला.
शेवटून दुसऱ्या ओळीवर टाइपरायटरच्या फुल्या,
समासात पेन्सिलीनं: गैरलागू.
फुल्यांच्या फटींतून अक्षरं लावायला
दुपारचा डबा गेला.
'अर्जदार विचारत आहे,
हा दाखला समुद्रात भिजला
तर उद्या मी कुणा'

कुणाचा, कुणाची. पुन्हा तेच.
उत्तर टाइप केलेलं नाही.
दिलं होतं का, तेही नाही.

वहीला असला प्रश्न पडणार नाही.
गोणी भिजली तर गोणीच भिजते.
हे वदीमांना सांगायला हवं होतं,
सुचलं रात्री, भांडी घासताना.

आता 'मी पळाल' इथवर लिहून
अंगठ्याएवढी जागा सोडली आहे.

तेवढ्यात करंज्याहून मामीचा फोन.
पत्रिका छापायला चाललीये,
खाली नाखवा लिहू की नाखवे?
म्हटलं, थांब जरा. विचारून सांगते.
कुणाला, म्हणाली.