शेपूच्या दोन जुड्या

इतवाऱ्यात शेपू वीसला जुडी होता.
दोन घेतल्या.
भाजीवाली म्हणाली, मावशी, तुमच्या घरात तर
याला कुणी तोंड लावत नाही ना?
म्हटलं, आता लावणारी आलीय.

हालिना. आमच्या प्रज्ञाशीलची बायको.
व्रोत्सवाफहून येऊन सहा दिवस झाले.
मला तिच्या गावाचं नाव नीट घेता येत नाही,
तिला आमचा 'ळ' येत नाही. फिटंफाट.

दुपारभर तिनं माझ्या ओट्यावर मैदा मळला.
वीस वर्षं याच ओट्यावर मी
डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांचे डबे भरले,
तिथं दुसऱ्या बाईचे हात बघायची सवय नाही मला.
पेल्याच्या कडेनं तिनं गोल पाडले,
आत उकडलेला बटाटा, पनीर, लालसर कांदा,
आणि कडेला मुरड घालायला लागली.
अगं, ही तर करंजी!
तिनं मान हलवली. प्येरोगी.
करंजीच. फक्त तेलात सोडायची ती पाण्यात सोडलेली.

मग बरणी उघडली.
तिच्याकडं राईचं पीठ आंबवून सूप करतात म्हणे,
इथं राई कुठली, तिनं ज्वारीचं भिजवलेलं,
चार दिवस फ्रिजच्या मागं, उबेला.
झाकण निघालं
आणि माझ्या आईचं गाडगं घरात आलं.
आंबील.
आम्ही ती दार लावून प्यायचो.
पाहुणा आला की गाडगं पोत्यामागं सरकवायचं,
उसनवारीचा का होईना, चहा ठेवायचा.
ही पोरगी तीच आंबील
लसूण घालून, अंडं चिरून, वर शेपू भुरभुरून
वाढदिवसाला वाढणार होती. माझ्या.
मी काही बोलले नाही. कांदा चिरत राहिले.

संध्याकाळी डबे घेऊन नगीना घाट.
शेख गौसची मोटारबोट, तासाला बाराशे,
लाइफ जॅकेटांना कालच्या गिऱ्हाइकाचा घाम.
तिच्या गावात ओड्रा नदी, शंभरावर पूल,
लोक बोटीत बसून जेवतात, गाव बघतात.
इथं तिनं बोटं धरली: येदेन, द्वा…
तिसऱ्याच्या आधीच इंजिन खोकलं आणि बसलं.

गौस म्हणाला, दस मिनट.
कॉइल भिजली होती की काय कोण जाणे.
बोट आपली आपण फिरायला लागली,
गुरुद्वाऱ्याचे दिवे कधी डावीकडं, कधी पाठीमागं,
जलपर्णीचा एक पट्टा आमच्याबरोबर चाललेला.
आवाज नाही म्हटल्यावर भूक लागली.

तिनं ताटं मांडली. तिघं आम्ही, ताटं चार.
हे कुणाचं गं?
प्रज्ञाशील म्हणाला, त्यांच्यात सणाला एक जास्तीचं ठेवतात,
कुणी अचानक आलं तर.
म्हटलं, नदीच्या मधोमध कोण येणार बाबा!
सगळे गौसकडं बघायला लागलो.
त्यानं डिझेलचे हात पँटला पुसले, मग नदीत धुतले.
इसमे क्या है?
बटाटा, ती म्हणाली. अगदी स्वच्छ.
त्यानं एक खाल्ली. दुसरी खाल्ली.
नमक कम है, म्हणाला,
आणि ताट पुन्हा पुढं केलं.

मी आंबील प्यायले.
पेला तोंडाला लावून, उघड्यावर, दोन्ही काठांच्या देखत.
आंबट होती. आईची जरा जास्त आंबट असायची.
अजून? तिनं विचारलं.
हा शब्द कधी शिकली कुणास ठाऊक.

रात्री बरणी धुवायला घेतली तर धावत आली,
नको, नको!
तळाला दोन बोटं पीठ ठेवायचं असतं, पुढच्या खेपेला.
तेवढं मलाही माहीत होतं की. विसरले होते.
नऊ दिवसांनी तिचं विमान आहे.
बरणीचं काय, ते मी विचारलं नाही.
फ्रिजच्या मागं सरकवून ठेवली, पोत्यामागं नाही.
हाताचा शेपूचा वास साबणानं जात नाही.