सहाव्या गाण्यातला खोकला

स्टुडिओ कुठला होता, विचारताय?
चिता कॅम्पात, नाल्याला लागून,
शकूरचाचा पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान.
रात्री दहाला शटर अर्ध्यावर यायचं,
आम्ही तिघं वाकून आत.
चहूकडे कापूस.
शब्द तोंडातून निघाला की भिंतीपर्यंत जायचाच नाही,
वाटेतच कुठेतरी आडवा व्हायचा.

माईक सेल्वमच्या मावसभावाचा, लग्नात आहेर पुकारायचा तो.
त्याच्यापुढे सुकेशिनीच्या आईची भरतकामाची रिंग,
रिंगवर ताणलेला नायलॉनचा मोजा.
नाहीतर माझा प्रत्येक 'प' फटाक्यासारखा फुटायचा.

तिसऱ्या गाण्यात खाली जे घुमतं
त्याला तुम्ही बेस म्हणता.
ती चाचांची धुनकी आहे.
सेल्वम म्हणाला, एकदाच तात छेडा.
चाचा म्हणाले, "तीस बरस से बजा रहा हूँ,
आज तक कोई सुनने को रुका नहीं."
आणि मग पहाटेपर्यंत थांबेचनात.

मी लिहायचो पावत्यांच्या मागे.
पुढे: सहा बाय चार, रुई बारा किलो, उधार.
मागे: माझा बाप,
माहुलच्या टाक्यांत उतरून आतून गाळ खरवडणारा.
पहिल्या सतरा टेकमध्ये मी नुसता ओरडलो.
शिरा ताणून, मूठ वळून, आरशात सराव केलेला.
सुकेशिनीने कानातलं काढलं.
"तुझा बाप असा ओरडतो का रे घरी?"

नाही.
बाप घरी येऊन पाय धुवायचा,
पितळी ताटाकडे बघत बसायचा,
आणि खोकायचा.

अठराव्यांदा मी हळू बोललो,
शेजारी कुणी झोपलंय असं समजून.
शेवटच्या ओळीआधी घशात कापसाचा तंतू गेला.
सेल्वम म्हणाला, कापून टाकू.
ती म्हणाली, हात लावलास तर बघ.

त्या खोकल्यावर आता लोक निबंध लिहितात.
मी काही बोलत नाही. तंतू होता.
पण बापाने फोन कानाला लावून ते ऐकलं,
दोनदा मागे नेऊन ऐकलं,
आणि विचारलं, "हा माझा का?"
मी हो म्हणालो.
त्याने फोन उलटा करून ठेवला, पाय धुवायला गेला.

सेल्वम सध्या सलालाला क्रेनवर असतो.
सुकेशिनी आठवीला गणित शिकवते,
पोरांना काही माहीत नाही.
मुखपृष्ठावर चाचांचं नाव 'शंकर' छापलं गेलं,
ते बघून हसले, मग गप्प झाले.
ती चूक माझी. तेवढी लिहा.

आणि पैसे?
पहिल्या वर्षी एका गादीचे सुटले.
तीच गादी, चाचांनी कुणाच्या तरी लग्नासाठी भरलेली,
आम्ही अकरा रात्री बसून बसून
पापडासारखी केली होती.