दोन पाट्यांची हाक

दिवाळ्याच्या बाजारात डावीकडे ती, उजवीकडे मी,
मधे एकच बर्फाची पेटी.
सव्वीस वर्षं.
तिची हाक जेट्टीपर्यंत जायची,
माझी समोरच्या ओट्यावर पोचली तरी पुष्कळ.
आता दोन्ही पाट्यांची हाक मीच मारते.
आधी तिची. मग माझी.

मथुराची अर्धी जीभ गेली, डावा जबडा गेला,
मांडीचं मांस काढून गालाला लावलं.
वॉर्डात तिनं नवऱ्याकडे बोट करून खुणेनंच सांगितलं,
आता गालाचा मुका घेशील तो मांडीचाच,
आणि हसताना टाके ताणले.
नर्स आम्हा दोघींवर ओरडली.

जिभेबरोबर अक्षरं गेली.
मी दमयंती, सगळ्यांची दमी.
तिच्या तोंडात आता अमी.
जिताडा म्हणता येत नाही, सुरमई नाही,
मांदेली सुरू होते आणि विरते.
बोय येते. अख्खी, ओठांवरून.
म्हणून पहाटे होडीवर मी आधी बोय मागते,
भाव चढा असला तरी.

खारघरला तेहतीस दिवस शेक.
आत ती, बाहेर बाकावर मी,
मांडीवर तिच्या चपला.
चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून
मेजाला चापांनी आवळायचे तिला.
पहिल्या दिवशी बाहेर येऊन
बोटांच्या चिमटीत तिनं दाखवलं केवढं बारीक जाळं.
कोलंबीसुद्धा सुटायची नाही.
शेवटी मुखवटा घरी दिला.
मोरीच्या खिळ्याला टांगलाय,
त्यात लसूण ठेवते.

नाकात नळी होती तेव्हा
बोंबलाचं कालवण तीनदा गाळून
मी सिरिंजनं सोडायची, हळूहळू.
नळीला कुठली चव.
तरी विचारायची, मीठ कमी परलंय काय गो?
ती डोळे मिटून थांबायची,
आणि चिमूट दाखवायची. एवढंसं.

गिऱ्हाईक माझ्याशी बोलतं, तिच्या पाटीतलं उचलतं.
सीवूड्सची एक बाई, दर रविवारची,
मला हळूच म्हणाली, यांना जरा मागे बसवा ना.
मी तोंड उघडायच्या आत
मथुरानं पिशवीतली पापलेटं काढून बर्फावर ठेवली,
पैसे परत दिले, सुट्ट्यांसकट.
मी एकदा तिचे बोंबील वीस रुपये कमी घेऊन दिले,
तर कोयत्याची मूठ माझ्या मनगटावर.
भाव तिचाच. मी फक्त आवाज.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
पहिली मिश्री तिला मी दिली.
नवी नवरी होती, दाढ ठणकत होती,
माझी डबी, माझंच बोट.
डॉक्टरांनी विचारलं, सवय कधीपासून?
तिनं माझ्याकडे बघितलं नाही.
दोन्ही तळवे वर केले.
कोण लक्षात ठेवतं.

बाजार उठला की आइस्क्रीमच्या काड्या.
उरल्या दातांत एकेक सरकवायची, जबडा आखडू नये म्हणून.
मी मोजते. अकरा. बारा.
डोळ्यांतून पाणी येतं, तेरावी जात नाही.
पंधरा दिवस बारावरच अडलोय.

काल बारावी काडी काढली
आणि तिनं माझ्या कनवटीत हात घातला.
डबी होतीच. अजून होती.
झाकण उघडून तिनं ती
माशांच्या पाण्यात उलटी केली.
काळं पाणी गटाराकडे गेलं, दोघींनी बघितलं.
मग मोबाईलचा दिवा लावला.
अमी, आ.
मी आ केला.
ती वाकून बघत राहिली, अंगठ्यानं माझा गाल ओढून,
कल्ला उचलून बघतो आपण, तशी,
घाई न करता.

मंगवा, म्हणाली.

मंगळवारी तपासणी असते.
या खेपेला चपला ती धरून बसेल.