दारातून

मे महिन्यात कुशावतीच्या काठाला नुसता दगड वाहतो.
पुढे पुनो वेळीप, खांद्यावर पाण्याचा कॅन,
मागे मी, टोपी विसरलेला,
मडगावच्या भूमापन कचेरीतून रजा टाकून आलेला.

"चित्रं कुठायत?"
"तूं तांचेरूच उबो आसा."
मी एक पाय उचलतो.
तो कुठे टेकवावा, कळत नाही.

पुनो कॅन कलंडवतो.
जांभ्यावर पाणी पसरतं, चरांत थांबतं:
आधी शिंग, मग वशिंड, मग आख्खा गवा,
पोटात बाण की बरगडी, सांगता येत नाही.
एक बाई, फाकलेले पाय,
कोणी कोरली, कोणाला जन्म देतेय,
विचारेपर्यंत ऊन पिऊन टाकतं तिला.
पुनो पुन्हा ओततो, हात राखून.
प्यायचं पाणीही तेच.

पलीकडे वर्तुळात वर्तुळं.
बाहेरच्या रेषेत बोट घालून मी वळत जातो, मोजत,
पाचव्या की सहाव्या फेऱ्यात आकडा चुकतो.
मधल्या खळग्यात बोट टेकतं.
पुनो म्हणतो, आता न उचलता बाहेर ये.
मला जमत नाही.

दुपारी स्कूटरवरून कुर्डीला.
धरणाचं पाणी मागे सरलंय,
माडांचे काळे बुंधे गुडघ्याएवढे,
भेगाळलेला गाळ, त्यात जोत्यांचे चौकोन.
माझ्या नकाशात हे सगळं निळं आहे.

मोकळ्या माळावर पुनो अचानक वळसा घेतो.
मी सरळ चालत राहतो, तर केवढ्यानं ओरडतो,
"थंयच्यान न्हय! दारांतल्यान यो!"
दार नाही. भिंतच नाही.
मी मागे फिरतो, दोन दगडांमधून आत शिरतो,
आणि चपला काढतो.
जमीन पोळते.

"हांगा रांदचीकूड. हांगा आवय."
आई इथे निजायची की इथे गेली,
मी विचारत नाही.
वाटायचा दगड जमिनीतच पुरलेला,
ट्रकवाल्यानं जड म्हणून घेतला नव्हता.
कॅनच्या तळाचं उरलंसुरलं पाणी
पुनो त्याच्या खळग्यात ओततो.
दोघेही वाकून बघत राहतो,
काही उमटतंय का.

मग तो म्हणतो, मोज.
मी टेप काढतो, एक टोक त्याच्या हातात देतो.
अठरा फूट. बारा फूट.
"न्हय," टेपकडे न बघताच तो म्हणतो,
"व्हड आशिल्लें."