आठवा रकाना

परंड्याच्या किल्ल्यात, बुरुजावरच्या तोफेवर
पाच पोरं ओळीनं बसतात, घोड्यावर टांग टाकल्यासारखी,
आणि खाली, सावलीच्या पट्टीत, मी. मांडीवर वही,
दोनशे पानी, मधल्या पिना निसटलेली.
रकाने माझ्या हातचे:
वेग. पल्ला. उंची. वजन.
क्षेपणास्त्रं किती. रडारला केवढं दिसतं.
किंमत, कोटीत.

ताहेर म्हणतो, राफेल.
बिभीषण म्हणतो, सुखोई, दोन इंजिनं असतात.
राफेललापण दोनच, मी वही बघून सांगते.
तर म्हणतो, सुखोईची मोठी असतात.
मग कुणी आईची शपथ घेतं,
कुणी भूमच्या मामाचा दाखला काढतं,
मामा सैन्यात आहे, आचारी.
एका क्षेपणास्त्राच्या पैशात ड्रोन किती येतील
तो भागाकार मी केला,
उत्तर रकान्यात मावलं नाही, समासात गेलं.

मग एक दिवस सापडलं:
मिग एकवीस, आवाजाच्या दोन पूर्णांक पाच शतांश पट.
राफेल, एक पूर्णांक आठ दशांश.
तोफेवरून कुणाची तरी चप्पल पडली.
परवापरवा निवृत्त झालेलं ते म्हातारं
जिंकलं?

स्टँडच्या मागं लिंबराज अण्णांचं दुकान,
मोटारी भरून मिळतील.
वायुदलात वीस वर्षं, सगळी मिगच्या पोटाखाली;
आता कोपरापर्यंत तांब्याच्या तारेत.
वही त्यांनी लांब धरली,
डॉक्टर रिपोर्ट धरतो तशी.
"आकडा बरुबर हाय, हिशेबनीस बाई.
पर त्या वेगानं किती मिनिटं? लिव्हलंय का?"
नव्हतं लिहिलं.
"आन् उतरताना?"
उतरण्याचं तर कुणी विचारलंच नव्हतं.
"तीनशेच्या वर. चाकं टेकली की शेपटीतून छत्री सुटायची,
ती उघडली म्हंजी थांबायचं.
ती छत्री आमी भरायचो. गुडघा देऊन देऊन,
नवरीची गादी वळकटीत बांधतात तशी."

कानावरची पेन्सिल काढून
किमतीच्या पुढं त्यांनी एक रेघ ओढली, वाकडी.
वर लिहिलं: सकाळी किती उठली.
मिगच्या ओळीत: सोळातली नऊ.
खाली बारीक: चांगल्या दिवशी अकरा.
"राफेलचं मला ठावं न्हाई.
त्याच्या पोटाखाली जो निजतो त्याला इचारा."

बिभीषणाला राहवत नाही कधीच.
"अण्णा, तुमी भरलेली छत्री उघडलीच न्हाई,
आसं झालंय का कवा?"

अण्णा तार गुंडाळत राहिले.
एकशे बावीस. एकशे तेवीस.
वेढा मोजताना बोलायचं नसतं, आम्हाला माहीत होतं.
एकशे चाळीसला गाठ मारली.
"फॉर्मवर दोन सह्या आसत्यात.
नेताना येक. आणून लावल्यावर येक.
एका पानावर येकच हाय."
मग तारेकडं बघूनच,
"छत्री चांगली भरली व्हती."

तेवढ्यात ढगपिंपरीचा माणूस पाणबुडी मोटार खांद्यावर घेऊन आला.
अण्णा उठले. काय दुखतंय हिचं?
नुसती घुमतीय, म्हणाला तो, पाणी फेकत न्हाई.

संध्याकाळी ताहेरनं तोफ मोजली.
एकोणीस विती आणि चार बोटं.
तिचीपण ओळ कर, म्हणाला, सगळ्यांच्या खाली.
वेग: माहीत नाही. पल्ला: माहीत नाही.
उंची: बुरुजाएवढी.
वजन: अजून कुणी हलवली नाही.
किमतीवर सगळे हसले.

आठव्या रकान्यात मी पेन टेकवलं
आणि तोफेच्या तोंडातून एक साळुंकी भुर्रकन निघाली,
खंदकावरून, बाभळींच्या पलीकडं.
पोरं उतरून घरी गेली.
मी पेन तसंच धरून बसले,
ती परत येईपर्यंत.