सळई

डिसेंबरात गेला स्क्राय.
आमच्याकडे तेव्हा सूर्य उगवत नाही,
भरदुपारी अंधार जरासा कूस बदलतो,
इतकंच.

शेगडीजवळच्या घोंगडीवर तो आडवा,
आणि यूरुन दारात,
एक मोजा पायात, एक हातात.
मी म्हणालो, "झोपलाय गं. खूप लांबची झोप."
वेळ मारून नेली.
दिवसभर मासे चिरणाऱ्या माणसाला
आणखी काय सुचणार.

तीन रात्री पोरीनं डोळ्याला डोळा लावला नाही.
चौथ्या रात्री टेबलाखाली सापडली
स्वतःच्या दंडाला चिमटे काढताना.
"मी झोपले तर मलाही
बोटींच्या शेडमध्ये नेऊन ठेवशील?"

मग बसलो तिच्याशेजारी, गार फळ्यांवर,
आणि घशातला काटा काढावा
तसा तो शब्द काढला.
मेला.
मेला, यूरुन. त्याचं काळीज थांबलं.
तुझं चालू आहे, हात ठेवून बघ.
तिनं आधी माझ्या छातीवर ठेवला,
मग स्वतःच्या.

पुरायचं कुठे, हा प्रश्न उरला.
वरांगेरची माती हिवाळ्यात माती नसतेच;
कुदळ मारली की ठिणगी उडते
आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या.
म्हणून जुन्या शिडात गुंडाळून
त्याला शेडमध्येच ठेवला, रिकाम्या पेट्यांमागे.
बायको म्हणाली, पोरीला तिकडे फिरकू देऊ नकोस.
मी कडी घातली.
दुसऱ्या दिवशी काढली.

यूरुननं कुठूनशी एक सळई शोधली.
दर रविवारी परसातल्या बर्चखाली
दोन्ही हातांनी रोवायची.
टण्ण.
जानेवारीत सूर्य परतला,
शाळेत त्याच्या नावानं गोड पाव वाटले,
तिनं अर्धा खिशातून आणून शेडमध्ये ठेवला.
उंदरांचं नाव मी काढलं नाही.
फेब्रुवारी. टण्ण.

मार्चात विचारलं, त्याला थंडी वाजते?
नाही.
भूक लागते?
नाही.
माझी आठवण येते?
इथं माझी जीभ अडली.
"माहीत नाही," म्हणालो.
तिनं मान हलवली, समजूतदार म्हाताऱ्यासारखी,
आणि पाव खात बसली.

एप्रिलात एकदा दिवसभर घसरगुंडी खेळली,
लाल नाकानं, खिदळत घरी आली,
आणि रात्री हुंदके देत माझ्या पांघरुणात.
"आज मी त्याला विसरलेच होते."
मीही, म्हणालो. हे मात्र खोटं नव्हतं.

मेमध्ये शेडचं छप्पर ठिबकू लागलं,
तेव्हा त्याला कारखान्याच्या शीतगृहात हलवला.
फोरमन ईसाक्सननं काही विचारलं नाही,
पेटीवर खडूनं लिहिलं फक्त:
विकायचं नाही.

मग सळई दोन बोटं आत गेली.
मग चार. मग वीतभर.
जूनच्या दुसऱ्या रविवारी
ती कोपरापर्यंत गेली आणि यूरुन ओरडली,
"पप्पा, माती उघडली!"

हिवाळ्यातले बूट तिला आता होत नव्हते.
अनवाणीच उभी राहिली ओल्या मातीत,
फावडं तिनंच मागून घेतलं.
खणता खणता म्हणाली,
"तुझे पप्पा गेले तेव्हा तू केवढा होतास?"
नऊ वर्षांचा.
"तू खणलंस?"
नाही. मला शेजारी पाठवलं होतं, पत्ते खेळायला.
परत आलो तर दारातले त्यांचे बूटसुद्धा
कुणीतरी उचलून ठेवलेले.
कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

फावडं थांबलं.
तिनं माझ्याकडे बघितलं,
सळईकडे बघायची तसं,
किती आत गेली आहे ते.

रात्रीचे अकरा वाजले होते, आणि ऊन होतं.
"आता तू घे," तिनं फावडं माझ्या हातात दिलं.
"अजून थोडं खोल कर."